सुटावा असा टाका

५ ऑक्टोबर

चि. धाकटोबा व चि. सौ. साळुंकी यांस आक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे मी ठीक. तुमची खुशाली महिनाभर कळलेली नाही, म्हणून आधी रागावून घेते आणि मग पुढचं लिहिते.

सोबतच्या पुडक्यात एप्रन आहे. धाकट्या, तुझ्यासाठी नाही, उगाच हुरळू नकोस. साळुंकीसाठी आहे. मागच्या खेपेला आले तेव्हा ती गिरणीत बाजारचं एप्रन घालून फिरत होती. त्याचा बंद तुटलेला आणि कमरेला सुतळी. मला लाज वाटली. नणंद शिंपीण आणि भावजय सुतळीवर. विचारलं तर म्हणाली, तुम्हाला कुठे त्रास द्यायचा. जगाचे कपडे शिवायला मला वेळ आहे आणि घरच्या माणसाला नाही, असं तिला वाटतं की काय?

कापड तंबूचं घेतलंय, जाडजूड. खिसे दोन. एक किल्ल्यांना आणि एक तिच्या लिमलेटच्या गोळ्यांना, कारण त्या गोळ्या पिठात पडतात अशी ठकीची तक्रार होती. बंद चांगले लांब ठेवलेत आणि त्यांना मेणाच्या दोऱ्यानं तिहेरी टीप मारली आहे. आमच्या दुकानाच्या मालकीणबाई बघून म्हणाल्या, हे एप्रन आहे की बैल बांधायचं दावं. म्हणू देत. माझ्या हातचा बंद तुटला असं कुणी दाखवलं तर त्या दिवशी मी मशीनवर कापड टाकीन ते कायमचं.

ठकीला सांग, आत्यानं तिच्यासाठी उरलेल्या तुकड्याची दप्तराची पिशवी केली आहे. ती पुडक्याच्या तळाशी आहे.

माझा लोभ आहेच. पत्र न लिहून त्याची परीक्षा बघू नये.

तुमची,
आक्का


१४ ऑक्टोबर

ती. वन्संना साळुंकीचा सा. न. वि. वि.

पुडकं पोचलं. पिशवी ठकीनं इतकी मिरवली की शेजारणीनं मला विचारलं, मुलीला शाळेत बक्षीस मिळालं का.

एप्रन छान बसलं. तुम्ही बंदाचं लिहिलंत ना, त्यावर घरात पैज लागली. एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला ठकी आणि मी. ओढलं, ओढलं, आणि बंदाला काही झालं नाही, माझी पकड सुटली आणि हे मागच्या मागे पिठाच्या पिंपावर जाऊन बसले. दिवसभर पाठीवर पांढरा शिक्का घेऊन हिंडत होते आणि आलेली प्रत्येक बाई हसत होती. त्यांना वाटलं, गिऱ्हाइकं आज खुशीत आहेत. मीही सांगितलं नाही.

तुम्ही मला साळुंकी म्हणायला लागलात ते आता साऱ्या गल्लीला माहीत झालंय. माझा काय दोष? गिरणीच्या घरघरीत ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही आणि ती सवय घरीही येते. हे म्हणतात, बायको केली की भोंगा बसवला. एवढं बोलते, पण ह्यांच्या कानात शिरेल तर शपथ. मी सांगत असते आणि हे हं हं करत असतात. परवा मुद्दाम म्हटलं, छपरावर हत्ती बसलाय. म्हणाले, हं.

हल्ली गिरणीचा पट्टा फार घसरायला लागलाय. हे चालू चाकावर तो चढवतात आणि राळ लावतात. तेवढ्या वेळात मी खालचं सांडलेलं पीठ झाडून घेते. म्हणजे दोन्ही कामं एकदम होतात.

थंडीत या. तुमच्याकडून बाहीचं कटिंग शिकायचं आहे. मी शिकले की ह्यांचे सदरे तुम्हाला शिवावे लागणार नाहीत. पण मग पुडकं कशाच्या निमित्तानं पाठवाल, ही एक पंचाईत आहे.

लोभ तुमचा, आणि हक्क माझा.

साळुंकी


११ डिसेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

वर नेहमीचं लिहिलं खरं. हातानं लिहिलं. त्यात माझं लक्ष नव्हतं.

मी नीट पोचले. घराचं कुलूप उघडलं आणि उभीच राहिले. थंडीत या असं तिनं लिहिलं होतं. मी थंडीत आले, पण तिला पोचवायला.

तू त्या दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. काय झालं ते मला दळण घेऊन येणाऱ्या बायकांकडून कळलं. पट्टा घसरला होता. तू तो चालू चाकावर चढवलास. ती वाकून पीठ झाडत होती. बंदाचं लोंबतं टोक पट्ट्यानं उचललं. हे सांगता सांगता एक जण म्हणाली, बंद तुटला असता तर वाचली असती. आणि मग तिच्या लक्षात आलं की बंद कुणी शिवला होता. तू दारात उभा होतास. तू माझ्याकडे बघितलंस आणि आत गेलास.

मी त्याबद्दल काही विचारत नाही. ठकी जेवते का, रात्री झोपते का, एवढंच कळव. तुला हवं असेल तर ती काही दिवस माझ्याकडे राहील. किंवा मी तिकडे येते. यातलं काहीच नको असेल तर तेही लिही.

लोभ असू दे असं म्हणायचं धैर्य आज नाही.

आक्का


१९ जानेवारी

आक्का,

मायना लिहीत नाही. तुझी तीन पत्रं आली. ठकी जेवते. थोडं. शाळेत जाते. तिला तिकडे पाठवणार नाही, तिच्याशिवाय या घरात आवाज नाही.

मी रागावलेलो नाही, असं लिहायला बसलो होतो. ते लिहिलं आणि फाडलं, कारण ते खोटं आहे.

मला सगळं कळतं. पट्टा माझा, चालू चाकावर तो चढवायची घाई माझी, भोवती फळ्यांची पेटी करायला हवी होती ती न करणारा मी. हे मी स्वतःला रोज सांगतो. तरी एक गोष्ट जात नाही. मी धावलो आणि बंद धरून ओढला. तो तुटला नाही. मग चाकू आणला. आक्का, तुझा बंद चाकूनंही लवकर कापला जाईना. तीन टिपा होत्या. एकेक टीप मला आठवते.

डोक्याला समजतं की तू मायेनं शिवलंस. हातांना समजत नाही.

गिरणी बंद आहे. पट्टा उतरवून ठेवला आहे. दळणवाल्या बायका पलीकडच्या गिरणीत जातात. बरं आहे.

पत्र लिहीत राहिलीस तर मी वाचीन. उत्तराचं सांगता येत नाही.

धाकटा


१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. खरं लिहिलंस ते बरं केलंस. मी माझी बाजू मांडणार नाही. मला बाजूच नाही. मी पक्कं शिवलं, कारण मला तेवढंच येतं. आईनं शिकवलं, टाका असा घाल की कापड फाटेल पण टाका उसवणार नाही. मी जन्मभर त्याचीच शेखी मिरवली.

मालकीणबाईंना सांगितलं की मी कशालाही बंद लावणार नाही. त्यांनी कारण विचारलं नाही, त्यांना माहीत आहे. आता मी फक्त सदरे बेतते आणि बाह्या बसवते. एप्रनं दुसरी मुलगी शिवते. ती टीप मारते तेव्हा मी उठून बाहेर जाते. मशीनचा आवाज मला इतकी वर्षं गोड वाटायचा.

ठकीला थंडीत पायमोजे घालत जा. ती नाही म्हणेल, तरी घाल.

तू वाचतोस एवढंही मला पुरे आहे.

आक्का


९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

हे पत्र वाचून तू कदाचित चिडशील. तरी लिहिते, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगावं हे मला सुचत नाही.

मंगळवारी आमच्या गल्लीत टपाल वाटणारे गृहस्थ कोटाचं माप बघायला आले. माप बघायचं असतं तेव्हा आम्ही कोट पुरता शिवत नाही. बाह्या नुसत्या कच्च्या टाक्यांनी अडकवतो, म्हणजे मोठे मोठे हातटाके, बिनगाठीचे. बसलं नाही तर एक दोरा ओढला की बाही मोकळी. हे मी हजारदा केलंय.

तर ते आरशासमोर उभे होते. तेवढ्यात बाहेर त्यांची सायकल पडली. ते तसेच पळत सुटले. दाराजवळ आमची मोठी खुंटी आहे, तिच्यात बाही अडकली. मी ओरडणार तोवर ते बाहेरही गेले. सायकल उभी केली, परत आत आले आणि म्हणाले, बाई, कोट खांद्यात छान बसलाय. त्यांच्या एका हाताला बाहीच नव्हती. ती खुंटीला लटकत होती. त्यांना कळलंसुद्धा नव्हतं.

दुकानात सगळे हसले. मालकीणबाई डोळे पुसत हसल्या. मी मात्र त्या खुंटीसमोर उभी राहिले. बाही गेली आणि माणूस राहिला. त्याला ओरखडाही नाही.

त्या दिवसापासून मला दुसरं काही दिसत नाही. बंद कच्च्या टाक्यांनी का लावू नये? सगळा नाही, जिथे तो एप्रनला जोडलेला असतो तेवढाच भाग. काम करताना टिकेल आणि कुणी हिसका दिला तर सुटेल. बंद आखूड करावेत हे तर झालंच. पण आखूड बंदाचं टोकही पट्ट्याला पुरतं.

मी दोन करून पाहिले. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला बांधले. पहिला तो खाली वाकला तेव्हाच गळून पडला. दुसऱ्यात टाके वाढवले, तर तो सुटेचना, इस्त्रीवालाच माझ्यामागे फरपटत आला. मधलं काही जमत नाही.

हे तिला परत आणणार नाही, हे मला कळतं. पण मला बसवत नाही. रागावलास तरी चालेल, पण वाच.

आक्का


२ एप्रिल

आक्का,

पत्र वाचलं आणि आठवडाभर बाजूला ठेवलं. नंतर पुन्हा काढून वाचलं.

नुसत्या कच्च्या टाक्यानं चालायचं नाही. गिरणीत बाई दिवसभर वाकते, उचलते, खिशात किल्ल्या असतात. ती ओढ सतत चालू असते. ती सोसेल एवढे टाके घातलेस तर हिसकाही सोसेल. तुझं घोडं तिथेच अडलं आहे.

एक सुचलं ते लिहितो. गव्हाच्या गोणीचं तोंड ज्या टाक्यानं शिवलेलं असतं तो तू बघितला आहेस का? साखळीसारखा असतो. चुकीच्या बाजूनं ओढलं तर बोटं सोलतात पण तो हलत नाही. बरोबर टोक हातात आलं आणि ते ओढलं की सर्रकन सगळं तोंड उघडतं, एका श्वासात. गोणीभर गव्हाचं वजन ज्यानं धरलं तोच टाका लहान मुलाच्या हातानंही सुटतो. फक्त टोक बरोबर हवं.

साळुंकीला ते टोक न बघता सापडायचं. बोलता बोलता हात जायचा आणि गोणी उघडायची. मला अजून सापडत नाही, मी चाकू घेतो. म्हणजे घ्यायचो.

गोणीच्या तोंडाचा एक तुकडा शिवणीसकट कापून पाठवतोय. बघ काही उपयोग होतो का. झाला नाही तर फेकून दे.

ठकीनं पायमोजे घातले होते.

धाकटा


१८ मे

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझा गोणीचा तुकडा मी उसवला, शिवला, पुन्हा उसवला. इतक्या वेळा की शेवटी त्याचा नुसता चोथा राहिला. उपयोग झाला का विचारतोस, तर सगळा झाला.

आता बंद दोन प्रकारांनी धरला आहे. वर बंदाला वीतभर दुमड घालून ती थोड्या कच्च्या टाक्यांनी धरली आहे. त्यांच्याखाली तुझा साखळी टाका, आणि त्याचं मोकळं टोक बंदातच गुंतवलं आहे. रोजची ओढ साखळी सोसते. हिसका बसला की कच्चे टाके जातात, बंद वीतभर सरकतो, सरकताना ते टोक आपणच ओढतो आणि साखळी उसवते. गळ्याचा बंदही तसाच केला आहे. बंद स्वतःच स्वतःला सोडवतो.

सरावाचा एक करून इस्त्रीवाल्याला बांधला. त्यानं सकाळभर त्यात इस्त्री केली, कोळसे भरले, गठ्ठे उचलले, काही झालं नाही. मग मी त्याच्या नकळत मागून जोरात हिसका दिला. बंद माझ्या हातात आला आणि मी जमिनीवर. त्याला आधी काही कळेना आणि मग तो मला उठवायचं सोडून हसत बसला. त्याची बायको मात्र हसली नाही. ती म्हणाली, आमच्या लाँड्रीतल्या बहिणीला एक करून द्याल का.

तुझ्याकडे एक नीट शिवलेलं एप्रन पाठवते आहे. इस्त्रीवाल्याला ओढणं वेगळं आणि पट्ट्यानं ओढणं वेगळं. ते तुलाच माहीत. मी तुला काही करायला सांगत नाही. ते तुझ्यापाशी असावं एवढंच.

तुझं पत्र आल्याला दीड महिना झाला, तरी ते मी अजून उशाशी ठेवते. हसलास तर हस.

आक्का


७ जून

ती. आत्यास ठकीचा नमस्कार.

मी बरी आहे. मला गणितात चांगले गुण मिळाले. तू दिलेली पिशवी अजून फाटली नाही.

आज बाबांनी गिरणी उघडली. कालपासून ते एका गोणीत कोंडा भरत होते. थोडा भरायचे, उचलून बघायचे, परत थोडा भरायचे. मी विचारलं, किती भरायचाय, तर म्हणाले, आईएवढा. मग त्यांनी तुझं एप्रन त्या गोणीला बांधलं. मला घरी थांबायला सांगितलं.

मला गिरणीचा आवाज ऐकू आला. खूप दिवसांनी आला, म्हणून मी स्वयंपाकघरातून धावत ओट्यावर आले. मला वाटलं आई. मग आठवलं. मग आवाज बंद झाला.

बाबा घरी आले तेव्हा त्यांच्या केसांत कोंडा होता. त्यांनी मला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मला म्हणाले, तू आत्याला पत्र लिही, मला जमणार नाही. काय लिहू विचारलं तर म्हणाले, लिही, गोणी गेली. तिला कळेल. एप्रनचा तुकडा पाठवतो म्हणाले, तो यात ठेवला आहे.

आत्या, तुला कळलं का? मला कळलं पण मी बाबांना सांगितलं नाही.

माझ्यावर आहे तेवढा लोभ बाबांवरही ठेव.

ठकी


१४ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद. ठकीलाही. तिला सांग, आत्याला कळलं.

तू ते दुसऱ्यांदा बघितलंस. मी पाठवलं म्हणून बघितलंस. यावर काय लिहू?

तुकडा बघितला. कच्चे टाके गेले आहेत, साखळी अर्ध्यावर येऊन थांबली आहे. का थांबली ते शोधायला वेळ लागला नाही. शेवटी गाठ आहे. मी मारली. सरावाचे शिवले तेव्हा लक्ष ठेवून गाठ टाळली. तुझ्यासाठी मन लावून नीट शिवायला बसले आणि हातानं आपणहून दोऱ्याच्या टोकाला गाठ मारली. सगळं शिवून झालं की गाठ मारायची, हे चाळीस वर्षांचं वळण आहे. मला आठवतही नाही कधी मारली.

दुसरं शिवलं आहे. या वेळी मालकीणबाईंना समोर बसवलं आणि सांगितलं की माझ्या हाताकडे बघत राहा, गाठीकडे वळला तर थांबवा. त्यांनी दोनदा थांबवला.

पाठवते आहे. तुला पुन्हा बघवणार नसेल तर पुडकं उघडू नकोस. मी दुसरी एखादी गिरणी शोधीन. खरंच उघडू नकोस.

आक्का


२९ जून

ती. आक्कास धाकट्याचा सा. न. वि. वि.

पुडकं उघडलं.

गोणी पुन्हा भरली. पट्ट्याजवळ उभी केली, तिथेच. गिरणी सुरू केली आणि काठीनं बंदाचं टोक पट्ट्याकडे सरकवलं. मला डोळे मिटायचे होते, पण मिटले असते तर कळलं नसतं.

पट्ट्यानं बंद उचलला. एक बारीक आवाज झाला, गोणीचं तोंड उघडताना होतो तसा. बंद वर गेला, चाकाला दोन वेढे बसले. गोणी एकदा डुलली आणि जागच्या जागी उभी राहिली.

मी गिरणी बंद केली. गोणीजवळ जाऊन बसलो. तिच्या अंगावरचं एप्रन सरळ केलं. मग तिला धरून रडलो, आक्का. तेव्हा रडलो नव्हतो, लोक होते. ठकी कधी येऊन शेजारी बसली ते कळलं नाही.

नंतर तुझ्यासारखाच बिनगाठीचा बंद परत लावून आणखी चारदा करून पाहिलं. चारही वेळा गोणी उभी.

तुला वाटेल मला आनंद झाला असेल. व्हायला हवा होता. पण मनात पहिल्यांदा काय आलं ते तुला सांगतो, कारण दुसरं कुणी समजून घेणार नाही. मला वाटलं, हे चाललं नसतं तर बरं झालं असतं. तोवर मी स्वतःला म्हणत होतो, होणारं होतं, ते कुणी थांबवू शकलं नसतं. आता तसं म्हणता येत नाही. एक दोरा आणि बिनगाठीचं टोक, एवढ्यानं ती घरी आली असती. गोण्या ती रोज उघडत होती, कच्चे टाके तू रोज घालत होतीस. सगळं आपल्या घरातच होतं. कुणी एकत्र बघितलं नाही, इतकंच.

पट्ट्याभोवती फळ्यांची पेटी केली आहे. चालू चाकावर पट्टा चढवणं बंद. सोमवारपासून गिरणी उघडतो आहे. पलीकडच्या गल्लीतली एक विधवा बाई पीठ भरायला ठेवली आहे. तिच्यासाठी एक एप्रन पाठव. लाकूड कापणाऱ्या गिरणीचा मालक माझ्या ओळखीचा आहे, त्याला गोणी दाखवली. त्यानं बंदाचं सुटलेलं टोक हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाला, माझ्याकडच्या सगळ्यांसाठी सांग.

राग गेला असं लिहीत नाही, तुला खोटं वाटेल. पण आता तो तुझ्यावर आहे असं मला नक्की सांगता येत नाही.

धाकटा


६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास व ठकीस अनेक आशीर्वाद.

येत्या महिन्यात तिला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी मी तिकडे असेन. यायचं की नाही हे विचारत नाही, येते.

दुकानात आता दिवसभर तीच एप्रनं चालली आहेत. लाँड्र्या, लाकडाची गिरणी, एक छापखानासुद्धा. दोन मुलींना शिकवलं. त्यांना शिकवणं सोपं गेलं, त्यांच्या हाताला अजून गाठीची सवय नाही.

काल एक झालं ते तुला सांगायचं आहे. लाँड्रीतली एक बाई तणतणत दुकानात आली. हातात एप्रन, बंद वेगळा. म्हणाली, तुमचं नाव ऐकून घेतलं होतं, म्हणे शिलाई जन्मभर टिकते, आणि हे बघा, नवं कोरं एप्रन आणि बंद सुटून आला. मी विचारलं, कसा सुटला. ती म्हणाली, कसा म्हणजे, कपडे पिळायच्या रुळात टोक गेलं जरासं, आणि अख्खा बंदच निघाला. एवढ्यानं निघतो का कधी बंद?

मालकीणबाई तोंड उघडणार होत्या. मी त्यांना डोळ्यांनी नको म्हटलं. बाईची माफी मागितली. बसवलं, चहा दिला आणि तिच्यासमोर बंद परत लावून दिला, होता तसाच. ती लक्ष ठेवून बघत होती. म्हणाली, शेवटी गाठ नाही मारली तुम्ही. मी म्हटलं, तिथे मारायची नसते.

ती जायला उठली तेव्हा मी फीत काढली आणि माप बघायच्या निमित्तानं तिच्या कमरेभोवती फिरवली. मापाची काही गरज नव्हती. ऊब लागली हाताला. तिला घाई होती, घरी मुलं वाट बघत होती, म्हणाली, लवकर आटपा.

ती गेल्यावर मी मशीनवर बसले, पण टीप मारायला जमलं नाही.

भेटीत सगळं बोलू. तोवर जे लिहिलं नाही तेही पोचलं असं समज.

आक्का


१३ नोव्हेंबर

ती. आक्कास धाकट्याचा व ठकीचा सा. न. वि. वि.

पत्र ठकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आत्यानं त्या बाईला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, काय सांगायचं होतं? तिनं विचार केला आणि म्हणाली, हो, तिला तर काहीच झालं नाही.

तू सांगितलं नाहीस ते बरं केलंस. मी कालपासून त्या बाईचाच विचार करतो आहे. ती रस्ताभर तुझ्या नावानं बोटं मोडत गेली असेल. घरी जाऊन मुलांवर ओरडली असेल. जेवायला वाढताना नवऱ्याला सगळी हकिगत सांगितली असेल, बंद कसा सुटला, त्या शिंपिणीची शिलाई कशी बाद, आणि वर चहा पाजला म्हणून मी गप्प बसले. आणि तो खाली मान घालून जेवत हं हं करत असेल.

त्याला कुणी काही सांगू नये. त्याला कळायचं कारण नाही. फक्त त्यानं मान वर करून तिचं ऐकावं, एवढं मला फार वाटलं.

तू ये. ठकीनं तुझं अंथरूण आत्तापासून उन्हात घातलं आहे. मधे लोभ कमी झाला तो माझ्याकडून झाला. तू होतीस तशीच राहिलीस, पुढेही तशीच राहा.

तुझा,
धाकटा